हजेरी मोडू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री पावणेबाराला आला, म्हणजे तुमच्याकडे सव्वाआठ. नुकतीच रेडिओवरची हजेरी उरकून बसली असणार. ३१ कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची नावं, पुकारले, १२ जण बोलले, बाकीचे मुके. साहेब म्हणाले, ‘आता स्टारलिंकचं उपग्रह इंटरनेट आहे, सगळे व्हॉट्सअॅपवर आहेत, रोज संध्याकाळी लोकांना कशाला छळतेस?’ आणि खाली तुझा प्रश्न : ‘काका, हा लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ बंद करू का? मी उगाच म्हातारपणा करतेय का?’

म्हातारपणा करायला मी आहे. तू हजेरी मोडू नकोस.

तू हुशार आहेस, धीराची आहेस वगैरे लिहीत बसत नाही. तशी नसतीस तर पुण्यातली गार हवेची नोकरी सोडून नाईलकाठच्या पत्र्याच्या कंटेनरमध्ये राहायला गेली नसतीस. मुद्द्याचं बोलू.

हजेरी हा आमचा शब्द. कागदोपत्री तो रेडिओ चेक : रोज ठरल्या वेळी एकेकाला पुकारायचं आणि कोण उत्तर देतंय ते बघायचं. मी लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये भरती झालो तेव्हा गोव्याच्या ट्रेनिंग सेंटरमधले उस्ताद ‘तीव्र चौकस’ हे कोअरचं ब्रीद आमच्याकडून घोकून घ्यायचे आणि मग विचारायचे, चौकस म्हणजे काय रे? आम्ही काहीबाही ठोकून द्यायचो. ते म्हणायचे, ‘रेडिओच्या नेटवर कोण बोललं ते गाढवालाही ऐकू येतं. कोण नाही बोललं, ते ऐकायला शीक.’ तेव्हा हसलो होतो. तुझे १९ मुके वाचले आणि उस्तादच आठवले. तू बोललेल्या १२ जणांची बाजू मांडत बसलीस. तुझं काम त्या १९ जणांत आहे.

आता स्टारलिंक. माझं त्याच्याशी भांडण नाही, उलट हेवा वाटतो. आमची डिश म्हणजे पावणेचार मीटरचा संसार. मास्टचा, म्हणजे खांबाचा, पाया काळ्या मातीत घालायचा. ती माती आपल्या विदर्भातल्या मातीची सख्खी बहीण : पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगचा रॉड दातासारखा हलायला लागतो. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, बोललेलं पलीकडे पोचून उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त. विषुववृत्ताजवळ डिश जवळजवळ सरळ आभाळाकडे बघते. माझ्या पहिल्या पावसाळ्यात लिंक रोज दुपारी मरायची. मी पावसाला शिव्या घातल्या, डिशवरचा सिग्नल पकडणारा डबा, एलएनबी, बदलला, पलीकडच्या मुख्य केंद्रावरच्या हबवाल्यांशी रात्र रात्र भांडलो. शेवटी शिडी लावून वर चढलो तर परातीत साचावं तसं डिशमध्ये चार बोटं पाणी, आणि त्यात एक मेलेली पाल. पाणी जायचं भोक गांधीलमाशीने मातीने लिंपून टाकलेलं. त्यामुळे तुमची ती स्टारलिंकची पांढरी थाळी पाच मिनिटांत चालू होते म्हणतेस तेव्हा मला आनंदच होतो. खुशाल वापर.

पण २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला सुरू झाला त्याच पहाटे व्हायासॅटच्या उपग्रह सेवेचे हजारो मोडेम एका सायबर हल्ल्यात निकामी झाले. उपग्रह वर शाबूत, जमिनीवरचे डबे मेलेले. आणि २४ जुलै २०२५ ला स्टारलिंक स्वतःच्याच सॉफ्टवेअरच्या घोळाने जगभर अडीच तास बंद होतं. (दोन्ही वेळा तारीख २४, म्हणून पंचांग काढू नकोस.) अडीच तास म्हणजे पुण्यात बसून फार नाही. रस्त्यावर गाड्या असताना अडीच तास किती असतात, ते तुला मी सांगायला नको.

एचएफ तरी काय देव आहे? सूर्यावर मोठा भडका उडाला की दिवसाच्या बाजूचं एचएफ अर्धा-एक तास ठार बहिरं होतं. म्हणून मी यंत्राची वकिली करत नाहीये, हे नीट वाच. तुमच्याकडे दोन रस्ते आहेत. एकावर रोज रहदारी आहे, दुसऱ्यावर कुणी पाय ठेवत नाही, त्यावर गवत वाढतंय. पहिला तुटेल त्या दिवशी दुसरा सापडणार नाही. हजेरी म्हणजे त्या दुसऱ्या रस्त्यावरून रोज एक चक्कर. बस.

हे मला कुणी शिकवलं ते सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या मिशनवर मी होतो त्याचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत.

तिथे गावात मोबाइलचा टॉवर उभा राहिला. सगळ्यांकडे लोकल सिम आलं. रविवारी हजेरीला कुणी बोलेना, तेव्हा मीच ठरवलं, रविवारची हजेरी नको. लोकांनी दुवा दिला. त्याच महिन्यात मी चॅनेलची यादी बदलली, कारण जुन्या फ्रिक्वेन्सीवर रात्री खरखर फार यायची. मेमो काढला, सगळ्या गाड्यांचे रेडिओ सेट नव्याने प्रोग्रॅम करून घ्या म्हणून. एक गाडी तेव्हा बाहेरगावी होती. परत आल्यावर तिचं करायचं होतं.

ती गाडी एका रविवारी दुपारी आरोग्य खात्याच्या दोन माणसांना घेऊन परतत होती. पाऊस झाला. तिकडे पाऊस झाला की रस्ता राहत नाही, लोणी होतं. गाडी आसापर्यंत रुतली. टॉवरच्या जनरेटरचं डिझेल त्याच पावसाने अडकलेलं, त्यामुळे मोबाइल बंद. ड्रायव्हर तिथलाच, पन्नाशीचा, शाळा फार न पाहिलेला माणूस. त्याने शिकवलं होतं तसं केलं : इंजिन चालू ठेवलं, अँटेना मागे वाकवून दोरीने बंपरला बांधला, कारण जवळच्या अंतरासाठी लहर वर फेकावी लागते, आणि रात्रीच्या चॅनेलवर हाक दिली. जुन्या चॅनेलवर. आमची रेडिओ रूम नव्या चॅनेलवर कान लावून बसली होती. चहा पीत.

दुसऱ्या दिवशी अकराला माणसं सापडली. एकाला मलेरियाचा ताप चढलेला, पण वाचला. ड्रायव्हर आंघोळही न करता रेडिओ रूममध्ये आला आणि ट्रिप तिकीट माझ्यासमोर ठेवलं. मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने वेळा लिहिल्या होत्या. १९:१०. १९:४०. २०:१०. दर अर्ध्या तासाला एक, पहाटे ४:४० पर्यंत. एकूण २० ओळी. प्रत्येकीपुढे एक आडवी रेघ, म्हणजे उत्तर नाही. तो काही बोलला नाही. मी हजेरी मोडली होती, त्याने मोडली नव्हती.

तू म्हणशील, काका, चूक वर्कशॉपची. चौकशीत मीही तेच म्हणालो. मेमो गेला होता, त्यावर तारीख होती, पोचपावतीची सही होती. बाहेरगावच्या गाडीचा सेट मी काय खिशातून बदलणार? जुन्या चॅनेलवर महिनाभर कान ठेवायला मला जादा ऑपरेटर मंजूर झाला नव्हता, त्याचंही पत्र माझ्याकडे आहे. रविवारचा निर्णय बैठकीत झाला होता, एकट्या माझा नव्हता. हे सगळं खरं आहे. आज इतक्या वर्षांनी तुला लिहितानाही हे आधी सुचलं, बघ. पण रविवारी संध्याकाळी सहाला एकदा हाक मारली असती, तर त्या गाडीचं उत्तर आलं नाही हे दिवस मावळायच्या आत कळलं असतं. ते ट्रिप तिकीट मी फाइलला लावलं नाही. घरी आहे.

आता काय करायचं ते ऐक. आणि ‘साहेब ऐकत नाहीत’ हे मला परत लिहू नकोस. कुठल्या साहेबाने कधी ऐकलंय? मी सुरुवात केली तेव्हा आमच्या साहेबांचा हँडसेट ड्रॉवरमध्ये पॅकिंगसकट होता. मी रोज संध्याकाळी चार्ज केलेली बॅटरी घेऊन त्यांच्या दारात उभा राहायचो, एवढंच. आठव्या दिवशी लाजेने बोलले.

१९ मुक्यांना मेल पाठवू नकोस. पायी जा. तीन दिवस न बोललेल्या माणसाला दोष देण्याआधी त्याचा सेट हातात घे. बहुतेक वेळा बॅटरी मेलेली निघेल, नाहीतर चॅनेल चुकीचा, नाहीतर बोलण्यासाठीचं पीटीटीचं बटण दाबून एक क्षण थांबून बोलायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसेल. पहिला शब्द कापला जातो, लोक हसतात, माणूस पुन्हा बोलत नाही. लाज हे हजेरी मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. मोठ्या पगाराच्या माणसांना तर जास्तच. त्यांना एकटं गाठून शिकव.

गाड्यांचं तू लिहिलंस की सगळे सेट ‘ओके’ आहेत. कुणी सांगितलं? सुरू होतो म्हणजे ओके? बॉनेट उघड. सेटची वायर बॅटरीच्या टर्मिनलवरून थेट आलीय का बघ. मागच्या एखाद्या शहाण्याने सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून घेतली असेल तर ऐकताना सगळं झकास चालेल आणि बटण दाबलं की सेट मान टाकेल, कारण १०० वॅट फेकायला लागणारा करंट तिथून येत नाही. अँटेनाच्या बुडाशी हिरवट गंज असेल, तो घास. मग गाडी गेटबाहेर काढून, दिवसा सात-आठ मेगाहर्ट्झवर आणि अंधार पडल्यावर तीन ते पाच मेगाहर्ट्झच्या दरम्यान, ड्रायव्हरला स्वतः बोलायला लाव. तू नाही, ड्रायव्हरने. एकेक गाडी. आणि चॅनेल बदललेस तर शेवटची गाडी बदलेपर्यंत जुन्यावर एक कान ठेव. ऑपरेटर मागायची वाट बघू नकोस, तो मिळत नाही. स्वतः बस.

सुट्या भागांसाठी मोंबासा बंदराकडे डोळे लावून राहू नकोस. संकटकाळी दूरसंचाराचं सामान सीमेपार नेताना अडथळे येऊ नयेत म्हणून १९९८ मध्ये टांपेरे करार झाला, २००५ पासून लागूही आहे. करार चांगला आहे. कंटेनर बंदरात अडकला की तो कस्टम्सवाल्याला वाचून दाखव आणि तो काय म्हणतो ते मलाही कळव. फ्यूज, कनेक्टर, कोअॅक्स केबल आत्ताच दुप्पट मागव.

आणि महिन्यातून एक शनिवार, दहा ते अकरा, सुरक्षा अधिकाऱ्याला विश्वासात घेऊन थाळीचा प्लग काढ. आधी जाहीर कर, चोरून नको. आरडाओरडा होईल. होऊ दे. तेव्हा साहेबांना विचार, या तासात आपली माणसं कुठे कुठे आहेत? १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, पोर्ट-ओ-प्रिन्समधलं ख्रिस्तोफर हॉटेल कोसळलं. तेच तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या मिशनचं मुख्यालय होतं. त्या भूकंपात संयुक्त राष्ट्रांची १०२ माणसं गेली, मिशनचे प्रमुख हेदी अन्नाबीही त्यांत होते. अशा संध्याकाळी नेट कधी येणार हे नंतर. आधी, कोण आहे? त्या प्रश्नासाठी वेगळं यंत्र कुणी बनवलेलं नाही. रोज विचारायची सवय असेल तरच तो त्या दिवशी तोंडातून निघतो.

तू लिहिलंस, ‘पुकारताना समोरून शांतता आली की अपमान वाटतो.’ वाटू दे. मला ४० वर्षं वाटला. दहा सेकंद थांब, परत पुकार, वहीत रेघ मार, पुढचा कॉलसाइन घे. आवाजात राग आणू नकोस. आणि रविवारीही.

जेवतेस ना वेळेवर? आईला मोबाइल केलास तर दोन मिनिटं जास्त बोल, ती मला विचारत असते.

तुझा,
काका

ता. क. गणपतीला येशील तेव्हा थुराया तिथेच जमा करून ये. आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावर तुझं ओळखपत्र कुणी बघत बसणार नाही. आज रात्री कोण कोण बोललं ते कळव. नावं नकोत, कॉलसाइन पुरे. आणि जे बोलले नाहीत त्यांचेही.