वाचकांचे प्रश्न : गिटारच्या थिअरीसाठी पैसे मोजावेत का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निपाणीचा राहणारा असून येथील एका पतसंस्थेत नोकरीस आहे. गेली काही वर्षे यूट्यूबवर पाहून गिटार शिकलो. साध्या कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर), बार कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा दाबून धरलेल्या) आणि कॅपो (फळीवर तारा दाबून धरणारी चिमटी) लावून गाण्याला साथ करणे इतपत जमते. वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यामुळे सरगम लहानपणापासून कानावर आहे. मात्र जी कॉर्ड वाजवतो ती तिथे का येते, हे मला सांगता येत नाही. अलीकडे एका परदेशी संकेतस्थळावर गिटार थिअरीचा, म्हणजे वादनामागच्या शास्त्राचा, कोर्स पाहिला. वर्षाचे शुल्क सुमारे 9,000 रुपये आहे, सगळे धडे आधीच चित्रित केलेले आहेत, भाषा इंग्रजी आहे आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. ‘सवलत आजपुरतीच’ अशी सूचना तिथे रोज दिसते. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. एवढे पैसे घालावेत का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : आज घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे केव्हा घालावेत आणि कोणत्या कोर्सवर, हे मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे.

आपण पत्रात पेटीचा उल्लेख ओझरता केला आहे, पण निर्णय बराचसा तिच्यावरच अवलंबून आहे. गिटार थिअरीच्या कोर्समधील सुरुवातीचे धडे बारा स्वर, त्यांच्यातील अंतरे आणि मेजर स्केल यांवर खर्च होतात, आणि हा भाग आपल्या घरात आधीपासून आहे. पेटीची पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी, असे पांढरी सातपर्यंत गेले की बारा स्वर पूर्ण होतात. गिटारवर एक फ्रेट (फळीवर आडव्या तारांनी आखलेले एक घर) पुढे सरकणे म्हणजे पेटीवर काळी-पांढरी काहीही न वगळता एक पट्टी पुढे सरकणे होय, आणि बाराव्या फ्रेटवर तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. मेजर स्केलचे स्वर म्हणजे बिलावल थाटाचे स्वर आणि नॅचरल मायनरचे स्वर म्हणजे आसावरी थाटाचे. पुढच्या धड्यांत ‘मोड’ या नावाखाली जे येते, त्यातील डोरियन काफीशी, फ्रिजियन भैरवीशी, लिडियन कल्याणशी आणि मिक्सोलिडियन खमाजशी स्वरांपुरते जुळतात. राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, हे आपल्या वडिलांना सांगण्याची गरज नाही. पण फळीवर बोटे कुठे पडणार हे समजण्यासाठी एवढे साम्य पुरेसे आहे. वडिलांना शेजारी बसवून बिलावलाचे सात स्वर पेटीवर आणि लगेच गिटारच्या एकाच तारेवर वाजवून पाहावेत. दोन फ्रेट, दोन फ्रेट, एक फ्रेट, मग दोन, दोन, दोन आणि शेवटी एक, ही चाल हाताला बसली की कोर्सचे पहिले काही धडे आपण घरी बसून पुरे केलेले असतील.

आपल्याकडे जे नाही ते म्हणजे कॉर्डचे शास्त्र. हिंदुस्थानी पद्धतीत सुरावट एकापुढे एक चालते, त्यामुळे तीन स्वर एकाच वेळी वाजवून त्यांच्या साखळ्या बांधण्याचे नियम तिथे शिकवले जात नाहीत. आपला ‘का’ नेमका इथला आहे. पांढरी एक हा षड्ज धरून सी मेजरच्या घरात कॉर्ड बांधू. सा, ग, प एकत्र वाजवले की सी मेजर होते. एक स्वर सोडून एक स्वर, याच रीतीने रेपासून निघाल्यास रे, म, ध मिळतात, आणि ती डी मायनर होते. डी मेजर हवी असेल तर मध्यम तीव्र घ्यावा लागेल, आणि तीव्र मध्यम बिलावलात नाही. म्हणून सी मेजरमधल्या साध्या गाण्यांत डी मायनर सारखी भेटते आणि डी मेजर क्वचित. याच रीतीने ग, म, प, ध आणि नी या स्वरांवर कॉर्ड बांधून पाहाव्यात : ई मायनर, एफ मेजर, जी मेजर, ए मायनर, आणि नीवर बी डिमिनिश्ड. उत्तरे इथे दिलेली आहेत, तरी ती झाकून कागदावर स्वतः मांडावीत; ही पहिली कसोटी, कारण जे कोर्समध्ये विकले जाते त्याचा गाभा एवढाच आहे.

दुसरी कसोटी आपल्या रोजच्या उपयोगाची आहे. समजा, भजनाला बसलेला गायक काळी दोनमध्ये गाणार आहे आणि आपल्याला ते गाणे जी मेजरच्या (पेटीची पांढरी पाच) कॉर्डच्या आकारांत, म्हणजे बोटांच्या त्या ठेवणीत, येते. काळी दोन म्हणजे डी शार्प. जीपासून तिथवर आठ अर्धस्वर (एक अर्धस्वर म्हणजे एक फ्रेट) होतात, म्हणजे कॅपो आठव्या फ्रेटवर लावावा लागेल आणि साथीला भरदारपणा राहणार नाही. तेच गाणे सीच्या आकारांत आणले तर कॅपो तिसऱ्या फ्रेटवर येतो, डीच्या आकारांत आणले तर पहिल्यावर. हा हिशेब आणि जीच्या कॉर्ड सीमध्ये बदलण्याचे काम आपण मोबाइल न पाहता करू शकत असाल, तर आपल्याला थिअरी येते, फक्त तिची इंग्रजी नावे येत नाहीत. करू शकत नसाल तर इथूनच सुरुवात करावी. या दोन कसोट्यांची तयारी विनामूल्य साधनांवर होते. म्युझिकथिअरी डॉट नेट या संकेतस्थळावरील धडे आणि सराव फुकट आहेत, त्यात गिटारच्या फळीवरील स्वर ओळखण्याचाही सराव आहे. जस्टिन गिटार या प्रसिद्ध संकेतस्थळाचा नवशिक्यांसाठीचा अभ्यासक्रमही विनामूल्य आहे, त्याचा थिअरीचा स्वतंत्र अभ्यासक्रम मात्र सशुल्क आहे.

मग पैसे कशाचे द्यायचे? माहितीचे नव्हे, कारण थिअरीची मूलतत्त्वे शेकडो वर्षांची आहेत आणि ती कोणाच्याही मालकीची नाहीत. पैसे द्यावेत ते चूक दाखवणाऱ्याला. आपण मांडलेली कॉर्डची साखळी कोणी तपासणार आहे का, चुकली तर कुठे चुकली ते सांगणार आहे का, प्रश्न विचारला तर माणूस उत्तर देणार आहे का, हे त्या कोर्सच्या माहितीत शोधावे. आधीच चित्रित केलेले धडे आणि शेवटी आपोआप छापले जाणारे प्रमाणपत्र, एवढेच मिळत असेल तर 9,000 रुपये फार होतात. प्रमाणपत्राबद्दल मला अधिक काही लिहावेसे वाटत नाही; ते भिंतीवर लावण्याच्या उपयोगाचे असते. रोज ‘आजपुरती’ असणारी सवलत उद्याही असेल, तेव्हा तिची घाई मनावर घेऊ नये.

अनुक्रमणिका मात्र जरूर वाचावी. चांगल्या कोर्समध्ये फळीवरील स्वर, स्वरांतरे, मेजर स्केल, कॉर्डची बांधणी आणि एका स्केलमधील कॉर्डची नाती हे विषय या क्रमाने येतात, आणि प्रत्येक टप्प्यावर कान तयार करण्याचा सराव असतो. पहिल्याच आठवड्यात मोडांची नावे आणि ‘गुपिते’ यांची आतषबाजी दिसली, तर कोर्स तयार करणाऱ्याला शिकवण्यापेक्षा विकण्याची चिंता अधिक आहे असे समजावे. लय आणि मात्रांचा विषय बहुतेक ठिकाणी उरकला जातो. केरवा आणि दादरा हाताशी असलेल्या घरात त्याची उणीव फारशी भासणार नाही. भैरवीतल्या अभंगाला कोणत्या कॉर्ड लावाव्यात, याचे उत्तर तर परदेशी कोर्समध्ये मिळण्याची शक्यता कमीच. थाटाचे स्वर धरले तर सी मायनर, डी फ्लॅट मेजर, एफ मायनर अशा कॉर्ड निघतात, पण गायक भैरवीत बाराही स्वर फिरवू लागला की साथीदाराने पुष्कळदा नुसता षड्ज-पंचम धरून थांबणे बरे.

भाषेची भीती बाळगू नये. थिअरीत तेच ते मोजके इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि वर सरगमशी घातलेली जोड त्यांना आधार देते. तरीही पैसे भरण्यापूर्वी नमुन्याचा एक धडा उपशीर्षके लावून पूर्ण पाहावा, आणि तो पाहून झाल्यावर त्यातली गोष्ट वडिलांना मराठीत समजावता येते का, ते पाहावे.

व्यवहाराची बाजू थोडक्यात सांगतो. लिहिलेल्या किमतीत 18 टक्के जीएसटी धरला आहे का, आणि रक्कम डॉलरमध्ये वळती होणार असेल तर बँक त्यावर वेगळे शुल्क लावते का, हे आधी विचारावे. वर्षाचे शुल्क असेल तर ते पुढच्या वर्षी आपोआप कापले जाण्याची अट बहुधा असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आपल्या बँकेच्या कार्डावरून अशी आवर्ती रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना मिळायला हवी आणि ती परवानगी त्याला रद्द करता यायला हवी; पण परवानगी भरणा झाल्यावर लगेच रद्द करून ठेवणे अधिक सुरक्षित. पैसे परत मिळण्याच्या अटींचे छायाचित्र मोबाइलमध्ये जपावे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. विक्रेता परदेशात असेल तर या हक्काची अंमलबजावणी जिकिरीची होते, हेही लक्षात असू द्यावे.

आता पर्याय. 9,000 रुपयांना 12 महिन्यांनी भागले तर महिन्याला 750 रुपये होतात. निपाणीहून कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या दुपटीच्या आतबाहेर. दर आठवड्याला शिकवणीस जाणे नोकरी सांभाळून जमणार नाही, हे मान्य; पण महिन्यातून एकदा, स्वतः सोडवलेले कागद आणि अडलेले प्रश्न घेऊन तासभर बसायला या दोन्ही शहरांत शिक्षक मिळू शकतो. बेळगावच्या कॅम्प भागातील चर्चच्या गायकवृंदात गिटार वाजवणाऱ्यांकडे चौकशी करावी. त्यांना कॉर्डचे शास्त्र सवयीने अवगत असते, आणि गोव्यातील चांगल्या शिक्षकांचे पत्तेही त्यांच्याकडून कळतात. व्हिडिओ कॉलवर शिकवण्यास तयार असलेला शिक्षक मिळाला तर बसचे भाडेही वाचेल. दोन-तीन महिने विनामूल्य साधनांवर काम करून, कागदावरचे प्रश्न साठले की आधी असा शिक्षक शोधावा. तो मिळाला नाही, आणि एखाद्या कोर्समध्ये गृहपाठ खरोखर तपासला जातो असे दिसले, तर मात्र पैसे भरण्यास हरकत नाही. घरात पेटी नसती आणि आपण अगदी कोऱ्या पाटीने सुरुवात करत असता, तर हेच उत्तर मी थोडे सैल केले असते.

प्रश्न : माझी मुलगी नववीत असून ट्रिनिटी कॉलेज लंडन या परीक्षा मंडळाच्या रॉक अँड पॉप गिटारच्या तिसऱ्या ग्रेडची तयारी करत आहे. गाण्याच्या मध्यमा परीक्षेला शास्त्राची लेखी प्रश्नपत्रिका असते, तशी इथेही असेल असे समजून मी ऑनलाइन थिअरी कोर्स घेण्याच्या विचारात आहे. योग्य ठरेल का? — एक पालक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : या परीक्षेसाठी त्याची आवश्यकता नाही. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या वाद्यवादनाच्या ग्रेडसाठी थिअरीची परीक्षा आधी उत्तीर्ण असण्याची अट नाही. थिअरीच्या त्यांच्या परीक्षा वेगळ्या आहेत आणि त्या देणे ऐच्छिक आहे. रॉक अँड पॉपमध्ये भर वाजवण्यावर असतो. एबीआरएसएम या दुसऱ्या ब्रिटिश मंडळाकडे मात्र वादनाच्या सहाव्या ग्रेडपासून पुढे बसण्यासाठी थिअरीची पाचवी ग्रेड किंवा मंडळाने मान्य केलेला तिचा पर्याय आधी पूर्ण करावा लागतो. मुलगी पुढे शास्त्रीय गिटारकडे वळून त्या मंडळाच्या परीक्षा देणार असेल, तर थिअरीचा विचार करावा, आणि तेव्हाही कोर्स स्टाफ नोटेशन शिकवतो की केवळ टॅब, हे प्रथम पाहावे. टॅबमध्ये तार आणि फ्रेट कळतात, पण त्या लेखी परीक्षेतील प्रश्न पाच रेघांवरच्या स्वरलेखनावर बेतलेले असतात. तूर्त तिच्या शिक्षकांना विचारून, ती वाजवत असलेल्या तीन गाण्यांपैकी एकाच्या कॉर्ड कोणत्या स्केलमधल्या आहेत, एवढे तिच्याकडून लिहून घ्यावे.