बेंगल्सचा 2021चा हंगाम: चेंडू फेकणाऱ्यांपेक्षा चेंडू पळवणाऱ्यांनी जिंकलेला

तुमचा प्रश्न असा, की 2019 आणि 2020 या दोन हंगामांत मिळून फक्त 6 सामने जिंकलेला सिनसिनाटी बेंगल्स हा अमेरिकन फुटबॉलचा (NFL) संघ 2021च्या हंगामात थेट सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, कसा गेला. आणि जो बरो (क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा) आणि जमार चेस (पास झेलणारा) ही जोडी जमली म्हणून हे घडलं, असं जे सगळे सांगतात ते कितपत खरं?

अर्धं खरं. त्या जोडीने संघाला प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, दारापर्यंत नेलं. दाराच्या आत शिरल्यावर काम केलं ते बचावाने आणि किकरने. हिशेब करून बघा. प्लेऑफच्या तीन विजयांत (रेडर्स 26-19, टायटन्स 19-16, चीफ्स 27-24) बेंगल्सचे टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं, 6 गुण) एकूण 5 आणि फील्ड गोल (किकरने लाथेने चेंडू खांबांमधून मारणं, 3 गुण) 12. उलट 2 जानेवारी 2022ला, नियमित हंगामात चीफ्सना 34-31 हरवून विभाग जिंकला, त्या एका सामन्यात 4 टचडाउन होते. म्हणजे प्लेऑफमध्ये आक्रमण अडखळत होतं, तरीही संघ जिंकत होता.

आधी जोडीबद्दल थोडक्यात. बरो 2020च्या ड्राफ्टमधला (संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिला खेळाडू. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. त्यामुळे 2021च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर बेंगल्सनी पेनेई सूएल हा टॅकल (क्वार्टरबॅकसमोरच्या रक्षक रांगेतला खेळाडू) घ्यावा, निदान बरोचं रक्षण तरी होईल, असा अनेकांचा आग्रह होता. त्यांनी चेस घेतला, बरोचा लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या संघातला जुना साथीदार. सराव सामन्यांत चेसच्या हातून चेंडू सुटत होते. कॉलेजच्या चेंडूवरचे पांढरे पट्टे व्यावसायिक चेंडूवर नसतात, त्याने अंदाज चुकतो, असं तो म्हणाला तेव्हा त्याच्यावर बरीच टीका झाली. पुढे हंगामात पास झेलून 1,455 यार्ड आणि 13 टचडाउन. चीफ्सविरुद्धच्या त्या एकाच सामन्यात 266 यार्ड. सूएल नाकारण्याची किंमत मात्र संघाने मोजलीच: बरो नियमित हंगामात 51 वेळा सॅक झाला (पास फेकण्याआधीच पाडला गेला), लीगमध्ये सर्वाधिक. प्लेऑफमध्ये आणखी 19 वेळा.

आता बचाव. यातला बराचसा बाहेरून आणलेला होता. ट्रे हेंड्रिक्सन सेंट्समधून आला आणि 14 सॅक केले. माइक हिल्टन स्टीलर्समधून, चिडोबे अवूझी काउबॉइजमधून, लॅरी ओगुनजोबी ब्राउन्समधून. त्याआधीच्या वर्षी डी. जे. रीडर आणि वॉन बेल आले होते. बी. जे. हिलला तर जायंट्सकडून बिली प्राइसच्या बदल्यात आणलं. पहिल्या फेरीत निवडलेला, पण न जमलेला सेंटर (रक्षक रांगेतला मधला खेळाडू) देऊन. हिल हे नाव लक्षात ठेवा.

बचावाचे समन्वयक लू अनारूमो. त्यांचं वैशिष्ट्य मध्यंतरानंतर दिसतं. 2 जानेवारीला चीफ्सनी पहिल्या अर्धात 28 गुण केले, दुसऱ्या अर्धात 3. कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात पुन्हा चीफ्सच, पहिल्या अर्धात 21, दुसऱ्या अर्धात पुन्हा 3. एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल, चार आठवड्यांत दोनदा झालं तर ती तयारी.

केलं काय? नेहमी चार जण क्वार्टरबॅकवर धावून जातात आणि सात जण मागे थांबतात. अनारूमोंनी दुसऱ्या अर्धात वारंवार तिघांनाच पाठवलं आणि आठ जण मागे ठेवले. याचा तोटा उघड आहे: क्वार्टरबॅकला भरपूर वेळ मिळतो, आणि तो शांतपणे पाच यार्डांचे छोटे पास देत राहिला तर बचाव हळूहळू मागे रेटला जातो. पण चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्स याला मोठा फटका हवा असतो. मोकळा माणूस दिसेना, की तो इकडेतिकडे पळू लागतो. तो पळून सुटू नये म्हणून सॅम हबर्डसारखा एखादा पुढचा खेळाडू मुद्दाम थबकून त्याच्यावर नजर ठेवायचा. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याचं रेकॉर्डिंग मिळालं तर चौथ्या क्वार्टरचा शेवट बघा. चीफ्स गोलपासून 5 यार्डांवर, जिंकायला एक टचडाउन पुरे. हबर्डने महोम्सला लागोपाठ दोनदा सॅक केलं, दुसऱ्यांदा चेंडूही हातातून उडवला. चीफ्स इतके मागे गेले, की 44 यार्डांच्या फील्ड गोलवर बरोबरी साधण्यात समाधान मानावं लागलं.

त्या सामन्यात एके काळी 21-3 अशी पिछाडी होती, हे विसरू नका. मध्यंतरापूर्वी समाजे पेराइनने छोटा पास घेऊन 41 यार्ड धावत टचडाउन केला. मग पहिल्या अर्धाच्या शेवटच्या खेळीत चीफ्सनी सोपा फील्ड गोल सोडून टचडाउनचा प्रयत्न केला. चीफ्सच्या टायरीक हिलला बेंगल्सच्या ईलाय ॲपलने गोलरेषेआधी आडवं केलं आणि घड्याळ संपलं. ते तीन गुण घेतले असते तर बहुधा ओव्हरटाइमच झाला नसता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बी. जे. हिलने, एका धिप्पाड डिफेन्सिव्ह टॅकलने, महोम्सचा पास हवेतच पकडला आणि त्यावरून 21-21 झालं.

माझ्या मते या संघाची खरी ओळख पुढच्या तीन क्षणांत आहे. तिन्ही विजयांवर शिक्का इंटरसेप्शनने, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच पकडण्याने, बसला.

रेडर्सविरुद्ध 7 गुणांची आघाडी, शेवटची काही सेकंदं. रेडर्स गोलपासून 9 यार्डांवर पोहोचले आणि त्यांचा क्वार्टरबॅक डेरेक कारने घड्याळ थांबवायला चेंडू जमिनीवर आपटला. त्यात चारपैकी एक डाउन, म्हणजे पुढे सरकण्याचा एक प्रयत्न, वाया गेला. चौथ्या डाउनला पास गोलरेषेच्या अलीकडे, आणि लाइनबॅकर जर्मेन प्रॅटने तो झेलला. बेंगल्सचा 31 वर्षांतला पहिला प्लेऑफ विजय.

टायटन्सविरुद्ध बरो 9 वेळा सॅक झाला. तरी संघ जिंकला, कारण टायटन्सच्या क्वार्टरबॅकच्या, रायन टॅनेहिलच्या, पहिल्याच खेळीत जेसी बेट्सने चेंडू पळवला, मग हिल्टनने गोलजवळ पास स्वतःच थोपवून स्वतःच पकडला, आणि 16-16 असताना शेवटच्या मिनिटात ॲपलच्या हाताला लागून उडालेला चेंडू लोगन विल्सनने धरला. बरो ते चेस 19 यार्ड, मग किकर इव्हान मॅकफर्सनचा 52 यार्डांचा फील्ड गोल.

चीफ्सविरुद्ध ओव्हरटाइमची नाणेफेक चीफ्सनी जिंकली. तेव्हाच्या नियमाने पहिल्याच ताब्यात टचडाउन झाला की सामना खलास; आठवड्यापूर्वीच चीफ्सनी बफेलोला तसंच घरी पाठवलं होतं. तिसऱ्या डाउनला महोम्सने टायरीक हिलकडे लांब पास टाकला, बेट्सने बोटं लावली, बेलने झेलला. मॅकफर्सनचा 31 यार्डांचा फील्ड गोल, आणि सामना संपला.

या मॅकफर्सनला पाचव्या फेरीत निवडलं होतं. किकरवर ड्राफ्टची निवड खर्चायला बरेच संघ तयार नसतात. त्याने त्या प्लेऑफमध्ये 14 पैकी 14 फील्ड गोल मारले.

सुपर बोलमध्ये रॅम्सविरुद्ध 23-20 हार झाली, तिथे हीच शेवटची झडप मिळाली नाही. बेट्स आणि अवूझीने रॅम्सच्या क्वार्टरबॅकचे, स्टॅफर्डचे, दोन चेंडू पळवले होते, पण रॅम्सच्या निर्णायक चालीत एकही नाही. त्याच चालीत गोलजवळ तिसऱ्या डाउनला विल्सनवर होल्डिंगचा (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याचा) दंड बसला, रॅम्सना नवे डाउन मिळाले आणि 1 मिनिट 25 सेकंद उरले असताना रॅम्सच्या कूपर कपने टचडाउन केला. बेंगल्सना बरोबरीसाठी फील्ड गोल पुरेसा होता आणि नवे डाउन मिळवायला एक यार्ड हवा होता. तिसऱ्या डाउनला पेराइनला रॅम्सच्या ॲरन डोनाल्डने अडवलं. चौथ्याला डोनाल्ड रक्षक रांगेतल्या गार्डला मागे टाकून बरोपर्यंत पोहोचला, बरो गरगर फिरत पडता पडता चेंडू फेकून मोकळा झाला आणि तो कुणाच्याच हाती लागला नाही. त्या दिवशीचे सॅक 7. पुढच्या काही आठवड्यांत संघाने टेड कॅरस, ॲलेक्स कॅपा आणि लाएल कॉलिन्स असे बरोचं रक्षण करणारे तीन लाइनमन बाहेरून आणले.