तासाची मिनिटं 60च का? या संख्येत एवढं विशेष काय आहे?

तुम्ही विचारलंय की बाकी सगळं दहाच्या पटीत मोजतो, मग वेळ तेवढी 60वर का अडली, आणि या संख्येत खरंच काही आहे की ही नुसती जुनी सवय. सवय आहेच, पण ती उगाच लागलेली नाही.

2, 3, 4, 5 आणि 6 या सगळ्यांनी नि:शेष भाग जाणारी 60 ही सर्वांत लहान संख्या आहे. 100चे तीन सारखे वाटे करायला बसा, 33 नंतर तिनांची रांग संपतच नाही. तासाचा तिसरा हिस्सा मात्र सरळ 20 मिनिटं.

हा गुण बॅबिलोनियाच्या लेखनिकांनी चांगलाच वापरला. सुमारे 4000 वर्षांपूर्वी ते मातीच्या पाट्यांवर 60च्या पटीत आकडे लिहीत. भागाकाराऐवजी ते व्यस्त संख्येनं गुणत, आणि त्यासाठी कोष्टकं तयार ठेवत: 2समोर 30 (कारण 1/2 म्हणजे 30/60), 3समोर 20, 4समोर 15, 5समोर 12. या कोष्टकांत 6नंतर एकदम 8 येतो. 7चा व्यस्त 60च्या पद्धतीत कधी संपत नाही, म्हणून तो गाळलेला असतो. येल विद्यापीठाच्या संग्रहात एक छोटी गोल पाटी आहे. तिच्यावर चौरस, त्याचे कर्ण आणि 1, 24, 51, 10 असे आकडे कोरलेले आहेत. म्हणजे 1 अधिक 24/60 अधिक 51/3600 अधिक 10/216000. बेरीज करून पाहा, 2चं वर्गमूळ दशांश चिन्हापुढे पाच स्थळांपर्यंत बरोबर येतं. मी पहिल्यांदा ही बेरीज केली तेव्हा कितीतरी वेळ तो कागद हातातून सुटला नव्हता.

पुढे ग्रीक खगोलज्ञांनी कोनाच्या अंशाचे भाग याच पद्धतीनं पाडले, आणि हीच वाटणी नंतर तासालाही लागली. लॅटिनमध्ये पहिल्या बारीक भागाला ‘पार्स मिनुटा प्रिमा’ आणि दुसऱ्याला ‘पार्स मिनुटा सेकुंदा’ म्हणत. पहिल्याचं मिनिट झालं, दुसऱ्याचा सेकंद. आपल्या भाषेतही 60 मुरलेले आहेतच. दिवसाच्या 60 घटका, घटकेची 60 पळं, पळाची 60 विपळं. ‘घटकाभर टेक’ म्हणताना आपण दिवसाचा साठावा भाग, म्हणजे 24 मिनिटं मागत असतो.

हे मोडायचा प्रयत्नही झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, 1793मध्ये, 10 तासांचा दिवस आणि 100 मिनिटांचा तास कायद्यानं आणला गेला. 1795मध्ये त्याची सक्ती मागे घ्यावी लागली.

समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंश, अक्षांशाचा एक अंश साधारण 60 सागरी मैल, हे तुम्हाला माहीत असेल. मला खरी ओढ आहे ती वेगळ्याच 60ची. 20 समभुज त्रिकोण जोडून जी घनाकृती होते, ती फिरवून पुन्हा जशीच्या तशी दिसेल असे प्रकार बरोबर 60 आहेत. 1985मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना कार्बनच्या 60 अणूंचा पोकळ चेंडू सापडला (1996चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याचंच), त्याची सममितीही हीच. एका अणूवर बोट ठेवा. या 60 फिरवण्यांतली प्रत्येक त्याला वेगळ्या जागी नेते, म्हणून जागाही 60.

आणि गंमत अशी की ज्या संख्येचे इतके सोपे वाटे पडतात, तेवढ्याच या फिरवण्यांचा गट (एकापाठोपाठ एक करता येतील अशा क्रियांचा संच) मात्र लहान गटांत फुटत नाही. अशा न फुटणाऱ्या गटांना गणिती ‘साधे गट’ म्हणतात. त्यांतला, फिरवण्यांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं असा, हा सर्वांत लहान गट. पंचघाती (x चा पाचवा घात असलेलं) समीकरण सोडवण्याचं सर्वसाधारण सूत्र फक्त बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि मुळं वापरून का लिहिता येत नाही, याचं कारण याच न फुटणाऱ्या 60मध्ये आहे.

जमलं तर जाड कागदाचे 20 त्रिकोण चिकटवून ती आकृती करा. कोणताही त्रिकोण खाली ठेवा, 20 प्रकार. मग तो जागच्या जागी फिरवा, प्रत्येकाचे 3. तुमच्या हातातच 60 मोजून होतील.