वाचकांचे प्रश्न : डावा-उजवा लुकलुकणारा हेडलाइट स्वतःच्या गाडीला लावू का?

प्रश्न : मी एका मदत पथकात स्वयंसेवक आहे, अपघात झाला की फोन येतो आणि मी स्वतःच्या कारने निघतो. पुढचे लोक बाजूच देत नाहीत. अँब्युलन्सला असतो तसा एकदा डावा, एकदा उजवा हेडलाइट लागणारा फ्लॅशर ऑनलाइन मिळतो, वायरिंग मला बऱ्यापैकी जमतं. लावून घेऊ का?

उत्तर : तुमची तळमळ कळते, पण नका लावू. वायरिंग अवघड आहे म्हणून नाही, ते तर त्यातल्या त्यात सोपंच आहे. मुद्दा असा की ही खूण रस्त्यावरच्या बाकीच्यांना एकच गोष्ट सांगते, मागून अधिकृत इमर्जन्सी गाडी येतेय, बाजूला व्हा. आणि ती बघून माणूस विचार न करता हालचाल करतो, करकचून ब्रेक मारतो, सिग्नल लाल असताना पुढे सरकतो, दुचाकीवाला कडेच्या खडीत उतरतो. त्यातून कोणाला लागलं तर तुमच्याकडे ना तशी परवानगी ना तसं ट्रेनिंग. शिवाय खाजगी गाड्यांवर ही खूण दिसायला लागली की हळूहळू लोक तिच्याकडे लक्षच देत नाहीत आणि मग खरी अँब्युलन्स मागे अडकते, मला तर सगळ्यात जास्त हेच टोचतं.

कायदा देशोदेशी वेगळा आहे, पण गाड्यांच्या लाइटांसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 48 बऱ्याच देशांनी स्वीकारलाय आणि त्यात इंडिकेटर, हॅझर्ड, जोरात ब्रेक मारल्यावर लुकलुकणारा इमर्जन्सी स्टॉप सिग्नल अशा मोजक्या गोष्टी सोडल्या तर गाडीवरचा लाइट लुकलुकता कामा नये असंच धोरण आहे. हाताने डिपर देणं वेगळं, तो क्षणभराचा इशारा असतो. काही ठिकाणी स्वयंसेवकांना ठरावीक रंगाचा दिवा लावायची मुभा असते, तीही अटींवर, म्हणून पथकाच्या प्रमुखांकडून लेखी विचारून घ्या, दुकानदार काय म्हणतो त्यावर जाऊ नका.

आता रात्रीचं बघा, कारण याचा विचार कोणी करत नाही. समोरून येणाऱ्याला तुमची गाडी किती रुंद आहे आणि किती अंतरावर आहे हे दोन हेडलाइटमधल्या अंतरावरून कळतं. एका वेळी एकच लागत असला की त्याला दिसतो इकडून तिकडे उड्या मारणारा एक दिवा, तो दुचाकी समजतो किंवा अंतर चुकतो आणि ओव्हरटेकला निघतो. वर हे फ्लॅशर बहुतेक वेळा अप्परवर जोडतात म्हणजे समोरच्याचे डोळे दिपणारच. तुमचा इंडिकेटर हेडलाइटला चिकटूनच असतो, त्या झगमगाटात तो चालू आहे का बंद हे समोरच्याला कळतच नाही, आणि तुम्हाला स्वतःला रस्ता कधी डावीकडचा दिसणार कधी उजवीकडचा. खऱ्या इमर्जन्सी गाड्यांमध्येसुद्धा ही सोय बऱ्याचदा फक्त दिवसापुरती ठेवतात, हेडलाइट चालू केले की फ्लॅशर आपोआप बंद होतो.

मग करायचं काय? दिवसासुद्धा लो बीम चालू ठेवा, काच आणि हेडलाइट स्वच्छ ठेवा, आणि मुख्य म्हणजे ट्रॅफिकच्या वेगानेच जा. घटनास्थळी गाडी सुरक्षित जागी लावल्यावर हॅझर्ड चालू करा, रिफ्लेक्टरवालं जॅकेट घाला, मागे अंतरावर धोक्याची सूचना देणारा त्रिकोण ठेवा, तिथे याचा खरा उपयोग आहे.

प्रश्न : मी असा फ्लॅशर आधीच लावलाय. तेव्हापासून डॅशबोर्डवर बल्ब खराब असल्याची वॉर्निंग येते आणि एका बाजूचा होल्डर तपकिरी पडलाय. दुसऱ्या गाडीला झेनॉन हेडलाइट आहेत, त्यांना चालेल का?

उत्तर : आधी तो काढा, मग बाकीचं. नव्या गाड्यांमध्ये हेडलाइटचा करंट कॉम्प्युटर मोजत असतो, मध्ये फ्लॅशर आला की त्याला वाटतं बल्ब उडाला, काही गाड्या वॉर्निंग देऊन थांबतात तर काही त्या बाजूची लाइनच बंद करतात म्हणजे रात्री तुमच्याकडे एकच दिवा उरतो. काही गाड्यांमध्ये तर स्विच प्लसवर नसून अर्थच्या म्हणजे मायनसच्या बाजूला असतो, तिथे साधा फ्लॅशर जोडला तर भलतंच काहीतरी होतं.

होल्डरचं म्हणाल तर एच4 या फिलामेंटवाल्या हेडलाइट बल्बचा अप्पर 60 वॉटचा, म्हणजे 12 व्होल्टवर साधारण 5 अँपिअर. पण फिलामेंट थंड असताना त्याचा रेझिस्टन्स फार कमी असतो, त्यामुळे लागताक्षणी करंट त्याच्या कितीतरी पट जातो आणि लुकलुकताना हा झटका पुन्हा पुन्हा बसतो. वायर बारीक असली किंवा वायरिंगला कट मारून नुसती पिळून टेप लावलेली असली की तो जोड तापतो आणि प्लास्टिक आधी पिवळं मग तपकिरी होतं. तपकिरी झालेला होल्डर बदलाच, आतली पिन ढिली झालेली असते. फ्यूज गेला म्हणून जास्त अँपिअरचा घालू नका, त्याने आधी वायर जळते. वायरिंग मूळ होतं तसं करून घ्या आणि फिटिंगच्या काळात विमा कंपनीला कळवलं नसेल तर हे अजिबात पुढे ढकलू नका, क्लेमच्या वेळी अडचण येऊ शकते.

झेनॉनला तर लावूच नका. त्यात फिलामेंटच नसतं, हजारो व्होल्टचा झटका देऊन गॅस पेटवावा लागतो आणि पूर्ण उजेड यायला काही सेकंद जातात. सेकंदाला एकदा बंद-चालू केलं तर पूर्ण उजेड कधी येतच नाही आणि बल्ब व बॅलास्ट (बल्बला तो व्होल्ट पुरवणारा भाग) दोन्ही लवकर जातात.

प्रश्न : माझी मोटरसायकल आहे, कारवाल्यांना मी दिसतच नाही. हेडलाइट मॉड्युलेटर चालतो का?

उत्तर : हा प्रकार वेगळा आहे, यात लाइट पूर्ण बंद होत नाही, कमी-जास्त होतो. अमेरिकेच्या केंद्रीय मानकात मोटरसायकलसाठी याला परवानगी आहे पण अटी कडक आहेत, मिनिटाला 200 ते 280 वेळा एवढाच वेग, उजेड कमाल उजेडाच्या 17 टक्क्यांखाली जायचा नाही, आणि अंधार पडला की सेन्सरने तो बंद होऊन लाइट स्थिर लागला पाहिजे. बाकी ठिकाणी हीच सूट असेल असं धरून चालू नका, तुमच्याकडचा नियम बघूनच घ्या. नाहीच चालत असेल तर दिवसभर लो बीम चालू, अंगात भडक रंगाचं जॅकेट, आणि चौकात कारच्या खिडकीच्या खांबामागे आपण झाकले जात नाही ना एवढं बघून गाडी थोडी बाजूला घ्यायची.