छोट्या कुत्र्याला कच्चं चिकन-मटण आणि हाडं घातली तर चालतात का?

तुम्ही विचारलंय की पॉमेरेनियन आहे, चार किलोचं, घरात लहान पोरगी आहे, आणि कुणीतरी सांगितलंय कच्चं मांस आणि हाडं घातली की केस चमकतात, दात साफ राहतात, तर घालू का. आमच्या बेळगावात पण हल्ली हे लई चाललंय, आणि लोक लगेच मुधोळ कुत्र्याचं उदाहरण देतात, ते काय पण पचवतंय की मग आपल्या पॉमला काय होतंय म्हणून. अहो मुधोळ वीस-पंचवीस किलोचं शिकारी कुत्रं, त्याचा जबडा कुठं आणि ह्याचा कुठं.

आधी हाडाचं सांगतो. शिजलेलं हाड कधीच नाही, रविवारच्या रश्श्यातलं नाही, बिर्याणीतलं नाही, तंदुरीचं तर अजिबात नाही. शिजलं की हाड कोरडं होतं आणि मोडताना अणकुचीदार तुकडे पडतात, ते अन्ननलिकेत रुततात नाहीतर आतडं फाडतात. पटत नसेल तर कोंबडीच्या पंखाचं एक कच्चं आणि एक शिजलेलं हाड हातात घेऊन मोडून बघा, कच्चं आधी वाकतंय, शिजलेलं काडकन तुटतंय. मटणाची नळी मात्र कच्ची असली तरी नको, वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरते आणि मग बऱ्याचदा काढावी लागते.

मग लोक म्हणतात कोंबडीची मान द्या, मऊ असते. मोठ्या कुत्र्याला ती चावून खाता येते, पण चार किलोचं कुत्रं हावरटपणानं अख्खी गिळायला बघतं आणि ती घशात अडकते. आणि दुसरं असं की 2018 मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी कच्चं चिकन, त्यातल्या त्यात मान, आणि कुत्र्यांना अचानक येणारा एक लकवा यांचा संबंध दाखवला, मागचे पाय आधी जातात, कारण बहुतेक कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू, आणि लहान जातींना धोका जास्त. बरं होतंय पण महिने लागतात, काही कुत्री त्यात जातात पण.

पण मला खरी काळजी वाटते ती कलेजी आणि फुप्फुसाची, आणि ह्याबद्दल कोणच बोलत नाही. मटणाच्या दुकानात नीट बघा, बकऱ्या-मेंढराची कलेजी कापताना कधी कधी आत पांढरट फुगा लागतो, सुरी लागली की पाणी उडतं. खाटीक तेवढा भाग कापून खाली टाकतो आणि फळीखाली टपून बसलेली कुत्री ते क्षणात गट्टम करतात. असा फुगा हायडॅटिडचा असू शकतो, म्हणजे एकायनोकोकस नावाच्या जंताचा. तो कुत्र्यानं कच्चा खाल्ला की त्याच्या आतड्यात बारीक जंत तयार होतात, कुत्रं वरून ठणठणीत दिसतं, पण शी मधून अंडी पडत राहतात, ती केसांना लागतात, आणि पोरगी त्याला कुरवाळून त्याच हातानं भाकरी खाते. माणसाच्या लिव्हरमध्ये नाहीतर फुप्फुसात मग तोच फुगा वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो, आणि बऱ्याचदा ऑपरेशनवरच येतंय. आपला भाग मेंढरांचा, अथणी चिकोडीकडं धनगरांचे तळ, मेंढरं आणि कुत्री एकत्र, म्हणजे ह्या जंताला पाहिजे ते सगळं इथं आहे. म्हणून कलेजी घालायचीच असली तर आतपर्यंत पूर्ण उकडून, आणि थोडीच, रोज भरपूर दिली तर व्हिटॅमिन ए जास्त होतंय. जंताचं औषध देता म्हणून निवांत राहू नका, ह्या जंताला प्राझिक्वांटेल लागतं, ते तुमच्या औषधात आहे का आणि किती दिवसांनी द्यायचं हे डॉक्टरला विचारा.

फ्रीजरमध्ये ठेवलं की सगळं मरतंय असं पण नाही, साल्मोनेला हा जुलाब-उलट्यांचा जंतू थंडीत नुसता झोपतो, बाहेर काढलं की परत वाढायला लागतो. आणि एप्रिल-मे मध्ये लाईट गेली की फ्रीजरचं काय होतंय तुम्हाला माहीतच आहे.

तर माझं स्पष्ट मत, घरात लहान मूल आहे तर कच्चं घालूच नका, बिनहाडाचं चिकन उकडून घाला, मीठ कांदा लसूण काही न घालता, कातडी काढून, कारण चरबीनं ह्या छोट्या जातींना पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, लवकर होतो. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं, त्यासाठी अंड्याची टरफलं उकळून वाळवून मिक्सरला अगदी पिठासारखी करा, अर्धा किलो मांसाला साधारण अर्धा चहाचा चमचा. पिल्लू असेल तर मात्र हे घरचं गणित नको, त्याचं डॉक्टरला विचारूनच ठरवा. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला दिवसाला एकूण खाणं वजनाच्या दोन-तीन टक्के, म्हणजे तुमच्या चार किलोला 80 ते 120 ग्रॅम, दोन वेळात विभागून.

तरी कच्चं द्यायचंच ठरवलं तर मान अख्खी नको, हाडासकट बारीक खिमा करून घ्या, ताट वेगळं ठेवा आणि खाल्ल्यावर लगेच गरम पाण्यानं साबण लावून धुवा, आणि त्या तोंडानं पोरीचं तोंड चाटू देऊ नका. शी पांढरी खडूसारखी होऊन कुंथायला लागलं तर हाड जास्त झालंय, कमी करा. लाळ गाळतंय, सारखं घोट घेतंय, उलट्या थांबत नाहीत, शी काळी डांबरासारखी येतीय किंवा मागचे पाय लटपटतायत, ह्यातलं एक जरी दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, घशात बोटं घालू नका, तसंच उचलून डॉक्टरकडं न्या.