उत्तराखंडातील बेदनी बुग्यालवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणावर, आता तंबूत राहता येत नाही; मग पंचावन्नाव्या वर्षी तिथवर जाण्यात अर्थ आहे का?

अर्थ निश्चित आहे, आणि माझ्या मते पूर्वीपेक्षा अधिक आहे.

ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवरील रात्रीच्या मुक्कामास मनाई केली, तेव्हापासून आमच्या ट्रेकिंगच्या गटातील एक ज्येष्ठ मित्र हेच म्हणत आले आहेत की, ज्याने तिथल्या बेदनी कुंड या तळ्याकाठी रात्र काढली नाही त्याने बेदनी पाहिलीच नाही. मनाईपूर्वी मी त्यांच्यासोबत तेथे राहिलो आहे. संध्याकाळी ढग हटून 7,120 मीटर उंचीचा त्रिशूळ आणि शेजारची नंदा घुंटी समोर उभी राहिली, तो क्षण मलाही अत्यंत प्रिय आहे. परंतु सकाळी तंबू उचलल्यावर खाली चेपलेल्या गवताचे चौकोन उरले होते, आणि आधीच्या गटांनी पावसाचे पाणी अडवण्यासाठी खणलेल्या चरांतून माती वाहून उतारावर घळी पडू लागल्या होत्या. पायथ्याच्या वाण गावचा आमचा वाटाड्या गुडघ्यांवर बसून गवताची ढेकळे त्या चरांत पुन्हा बसवत होता. मी त्याला मदत करू लागलो, तेव्हा मित्र म्हणाले, "अहो, गवतच ते, पुन्हा उगवेल."

ते तसे उगवत नाही. बुग्याल हिवाळाभर बर्फाखाली असतो. गवताला वाढीसाठी जे मोजके महिने मिळतात, त्यांतच आपण सारे तेथे पोहोचतो. मुळांनी धरून ठेवलेला वरचा थर एकदा फाटला की खालची माती प्रत्येक पावसात वाहते. मनाईनंतर मी घैरोली पाताळला, म्हणजे झाडीतच, मुक्काम केला आणि पहाटे अंधारात चढाई सुरू केली. बांज-बुरांसाची (ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनची) झाडी संपताच त्रिशूळावर पहिले ऊन आले होते आणि कुरणावर एकही तंबू नव्हता. मित्रांनी हे दृश्य कधी पाहिलेले नाही, म्हणून त्यांचे मत मी मानत नाही.

वयाविषयी सांगायचे तर, सह्याद्रीत नियमित चालत असाल तर चढ झेपेल. मात्र कळसूबाई 1,646 मीटर आहे, तर वाणच सुमारे 2,400 आणि बेदनी 3,350 मीटरच्या आसपास आहे. दम सह्याद्रीत कमावता येतो, विरळ हवेची सवय नाही. म्हणून पायथ्याच्या लोहाजंग किंवा वाण गावात एक दिवस जास्त थांबा आणि रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांशी बोला. दुपारी ढग येतात, त्यामुळे पहाटेची चढाई टाळू नका. मनाईमुळे वाण-लोहाजंगच्या लोकांचा रोजगार घटला, हा मित्रांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. तेव्हा वाटाड्या गावातलाच घ्या, मुक्काम गावातल्या घरी करा, आणि परवानगीचे सध्याचे नियम निघण्यापूर्वी वन विभागाकडे विचारून घ्या.