अमिश मुलांचं बालपण, शेजारून पाहिलेलं

तुम्ही विचारलंय की अमिश लोक, म्हणजे आधुनिक साधनांपासून दूर, साधेपणाने राहणारा एक ख्रिस्ती पंथ, मुलांना जगापासून तोडून वाढवतात, हा त्या मुलांवर अन्याय नाही का. मी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, लँकेस्टरजवळ 11 वर्षं राहते. त्यांच्या बग्ग्या रोज दारावरून जातात. मला विचाराल तर वाढवण्यात अन्याय नाही. आठवीला शाळा बंद करतात, त्यात आहे.

उन्हाळ्यात मी ज्या घरून मक्याची कणसं घेते तिथे सात मुलं आहेत. पाच वर्षांचा धाकटा अंडी गोळा करून आणतो, बहीण एकेक पुसून ठेवते. आजी-आजोबा त्याच आवारात, घराला जोडून बांधलेल्या खोल्यांत राहतात. घरात सगळे आपली जर्मन बोलीच बोलतात. इंग्रजी मुलं शिकतात ती मुख्यतः शाळेत. अठराव्या शतकात पूर्वज इथे आले, बोली अजून टिकून आहे. माझी मुलगी मात्र मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. अशा लोकांना मागासलेले म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण शाळा! एकाच खोलीत पहिली ते आठवी, आणि शिकवणारी तरुणी बहुतेक वेळा स्वतःही आठवीच शिकलेली. विस्कॉन्सिन राज्यात मुलांना हायस्कूलला पाठवलं नाही म्हणून तीन बापांना पाच-पाच डॉलर दंड झाला होता. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1972 साली निकाल पालकांच्या बाजूने लागला, धर्मस्वातंत्र्य म्हणून. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र अंशतः असहमती नोंदवली. त्या तीन मुलांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती, बाकी दोघांना काय हवंय हे कुणी विचारलंच नव्हतं. मला डग्लस पटतात.

यावर लोक सांगतात, बाप्तिस्मा, म्हणजे पंथात रीतसर प्रवेश, तर मोठेपणी, स्वतःच्या इच्छेने घेतात. खरं आहे. त्याआधी कुणी पंथ सोडून गेलं तर बहिष्कार नाही. नंतर गेलं तर मात्र अनेकदा घरचेही एका टेबलावर जेवायला बसत नाहीत. दहातली आठ-नऊ मुलं राहतात, आणि त्यात माया आहेच, मी ती डोळ्यांनी बघते. पण ज्याला जायचंय त्याने आठवीच्या शिदोरीवर जायचं कुठे?

मागच्या ऑगस्टमध्ये त्या घरातली चौदा वर्षांची मुलगी पिशवी ठेवायला गाडीपाशी आली. सीटवर माझ्या मुलीचं जीवशास्त्राचं पुस्तक उघडं पडलं होतं, हृदयाच्या चित्रावर. "गाईचंही असंच असतं?" तिने विचारलं. हो म्हटल्यावर बोटाने रक्ताची वाट गिरवत राहिली. घरी जनावर कापताना तिने हृदय हातात धरलं होतं, पण रक्त कुठून येतं, कुठे जातं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या खेपेला पुस्तक आणाल का, म्हणाली.

मी नेलं. त्या दिवशी कणसांच्या टेबलापाशी तिची आई होती. पुस्तक बघून तिने अगदी अदबीने सांगितलं, "तिची शाळा संपली आता." मी डझनाचे पैसे दिले होते. तिने पिशवीत तेरा कणसं घातली.